क्रूझवर खरंच जत्रा असते का? गर्दी कुठे होते, कधी होते आणि कशी चुकवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घ्यायचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले वडील, गुडघ्यांनी बेजार आई आणि सात वर्षांचा मुलगा. नुकतेच जाऊन आलेले नातेवाईक म्हणतात, "जहाज कसलं, संध्याकाळचं दादर स्टेशन आहे ते." मग एवढे पैसे घालावेत का?

नातेवाईक खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांनी अर्धंच सांगितलंय. साडेतीन-चार हजार माणसांच्या जहाजावर सकाळी सव्वानऊला बुफेत ताट हातात धरून टेबल शोधत फिरावं लागतं, हे खरं. त्याच जहाजावर त्याच वेळी तीन मजले खालच्या मोकळ्या डेकवर दहा माणसंही नसतात, हेही तितकंच खरं. जहाजावरची गर्दी पाण्यासारखी असते, ठरावीक जागी ठरावीक वेळी तुंबते. लिफ्ट, बुफे, स्विमिंग पूल, थिएटरचं दार, टेंडर बोटींची (जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटींची) रांग, पहिली दुपार आणि शेवटची सकाळ. बाकी जहाज बऱ्यापैकी मोकळंच असतं. तुंबण्याच्या या जागा आधी माहीत असतील तर निम्मा त्रास वाचतो. उरलेला निम्मा तुम्ही कोणतं जहाज आणि कोणती तारीख निवडता त्यावर ठरतो, म्हणून आधी ते.

जहाज निवडताना बहुतेक जण एकूण प्रवासीसंख्या बघतात आणि घाबरतात. ती बघायची, पण एकटी नाही. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्या आणि त्याला प्रवासीसंख्येने भागा. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला तो आकडा असतो. आणि प्रवासीसंख्या केबिनमागे दोन माणसं धरून घ्यायची. दोन्ही आकडे जहाजाच्या माहितीपत्रकात किंवा विकिपीडियावर मिळतात. भागाकार तिशीच्या आसपास आला तर जहाज दाटीवाटीचं, चाळीस ते पंचेचाळीस आला तर ठीकठाक, पन्नाशीच्या पुढे ऐसपैस.

उदाहरणं घेऊ. 2024 च्या जानेवारीत मायामीहून पहिली फेरी केलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 2,48,663 टनांचं, प्रवासी 5,610. भागाकार 44. सिंगापूरहून जाणारं 'गेंटिंग ड्रीम' सुमारे 1,50,700 टन, प्रवासी साधारण 3,350. भागाकार 45. 'क्वीन मेरी 2' 1,49,215 टन, 2,691 प्रवासी, म्हणजे 55. 'सिल्व्हर मून'सारखं महागडं छोटं जहाज 40,700 टन आणि फक्त 596 प्रवासी, म्हणजे 68. आणि मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस', जे मूळचं 1990 चं, ते 48,563 टन आणि सुमारे 1,600 प्रवासी. भागाकार 30. म्हणजे प्रवासीसंख्येने साडेतीनपट मोठं असलेलं 'आयकॉन' माणशी जागेच्या हिशोबात 'एम्प्रेस'पेक्षा जवळजवळ दीडपट सैल आहे. "छोटं जहाज म्हणजे कमी गर्दी" हे समीकरण इथे कोसळतं. छोटं आणि महाग असेल तर गर्दी कमी. छोटं, जुनं आणि स्वस्त असेल तर बहुतेक वेळा उलट.

हा आकडा मात्र डोळे झाकून घ्यायचा नाही. केबिनमागे दोन माणसं हा कागदावरचा हिशोब. भिंतीतून खाली येणारे तिसरे-चौथे बिछाने आणि सोफा-कम-बेड सुट्टीच्या दिवसांत भरतात. 'आयकॉन'वर सगळे बिछाने भरले तर प्रवासी 7,600 होतात आणि तोच भागाकार 44 वरून 33 वर येतो. क्रूझ कंपन्या आपली जहाजं शंभर टक्क्यांच्या वर भरल्याचं सांगतात ते याच हिशोबाने. या जादा माणसांत मुलं जास्त असतात, त्यामुळे ती वाढ पूल, घसरगुंड्या आणि आइस्क्रीमच्या मशीनपाशी सगळ्यात जास्त जाणवते.

आणखी एक मेख आहे. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर स्वीटवाल्यांसाठी, म्हणजे मोठ्या महागड्या केबिन घेणाऱ्यांसाठी, 'जहाजातलं जहाज' असतं. वेगळा पूल, वेगळं रेस्टॉरंट, वेगळा सनडेक, कार्डाशिवाय दार उघडत नाही. ती जागाही त्याच टनेजमध्ये मोजलेली असते. साध्या केबिनवाल्याच्या वाट्याला येणारी जागा त्यामुळे भागाकारापेक्षा थोडी कमीच. म्हणून बुकिंगआधी जहाजाचा डेक प्लॅन उघडून बघा: सगळ्यात वरच्या दोन-तीन मजल्यांचा किती भाग सर्वांसाठी आहे आणि किती राखीव. दहा मिनिटांचं काम आहे, कुणीच करत नाही.

आता तारीख. इथे महाराष्ट्रातली मंडळी हमखास फसतात, कारण ती फक्त आपल्या शाळांची सुट्टी बघतात. सिंगापूरच्या जहाजावर सिंगापूरच्या शाळांची सुट्टीही बघायला हवी. तिथे मार्चमध्ये आठवडाभर, जूनमध्ये साधारण चार आठवडे, सप्टेंबरच्या सुरुवातीला आठवडाभर आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर वर्ष संपेपर्यंत मोठी सुट्टी असते. मे महिन्यात जहाज भारतीय कुटुंबांनी भरतं, जूनमध्ये सिंगापूरच्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही लाटा एकमेकींवर येतात, आणि आपल्याकडच्या लोकांना नेमका तोच आठवडा सोयीचा वाटतो. चिनी नववर्षाचा आठवडाही टाळा. मुलगा दुसरीत आहे, चार दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळणार नाही अशी भूमिका घेता आली तर जुलै, ऑगस्टचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध बरा. शाळा बुडवायचीच नसेल तर दिवाळीची सुट्टी बघा, तीही नोव्हेंबरच्या मध्याआधी सुटणारी फेरी.

तारखेइतकाच फरक वार पाडतो. शुक्रवारी सुटणारी दोन-तीन रात्रींची फेरी आणि रविवारी किंवा सोमवारी सुटणारी चार रात्रींची फेरी, जहाज एकच असलं तरी अनुभव दोन टोकांचे. वीकेंडच्या छोट्या फेरीत ऑफिसचे गट, मित्रमंडळी, वाढदिवस साजरे करणारे कंपू असतात. दोनच दिवस हातात असल्याने प्रत्येकाला सगळं एकाच दिवशी करायचं असतं, त्यामुळे सकाळी दहाला सगळे पुलावर आणि रात्री नऊला सगळे थिएटरपाशी. चार रात्रींत माणसं सैलावतात. कुणी उशिरा उठतं, कुणी केबिनमध्ये पडून राहतं, कुणी बंदरात उतरतं. मुंबई-गोवा फेऱ्यांनाही हेच लागू पडतं. तिथे शनिवार-रविवार सोडून मधल्या वारांची फेरी मिळाली तर ती घ्या. बुकिंग करताना एजंटला सरळ विचारा की या फेरीवर मोठा कॉर्पोरेट गट किंवा लग्न आहे का. गटाने हॉल आणि डेक आधीच राखून ठेवले असतील तर तुमच्यासाठी जहाज तेवढं आखडतं.

जहाज आणि तारीख ठरली की पुढचं सगळं वेळेचं गणित.

पहिली दुपार सगळ्यात वाईट, आणि बरेच जण क्रूझबद्दलचं मत तिथेच बनवतात. कारण साधं आहे. चढायला दुपारी सुरुवात होते, पण केबिन साफ होऊन ताब्यात मिळायला दीड-दोन वाजतात. मोठ्या बॅगा टर्मिनलवर दिलेल्या असतात, त्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते. मग हातातल्या पिशव्या सांभाळत, भुकेल्या पोटी, जहाजाची काहीच ओळख नसलेली दोन-अडीच हजार माणसं एकाच जागी जातात: बुफे. यावर उपाय दोन. एक, चेक-इनच्या वेळा ऑनलाइन खुल्या झाल्या की त्याच दिवशी दुपारी दोननंतरची वेळ घ्या, शहरात जेवून निघा आणि चढल्यावर थेट केबिनमध्ये जा. आईवडील सोबत असताना हाच मार्ग बरा. दोन, लवकर चढायचंच असेल तर मुख्य डायनिंग रूममध्ये पहिल्या दुपारी जेवण आहे का ते विचारा. बऱ्याच जहाजांवर असतं, पाटी मात्र कुठेतरी कोपऱ्यात असते. हातातल्या पिशवीत औषधं, मुलाचे पोहण्याचे कपडे, एक जोड कपडे आणि सगळी कागदपत्रं ठेवा. औषधं मोठ्या बॅगेत गेली की संध्याकाळपर्यंत सगळं घर बॅगेची वाट बघत बसतं.

त्याच दुपारी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याची तालीम. 2012 मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाल्यानंतर नियम कडक झाले आणि ही तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. काही कंपन्यांत आता अर्धी तालीम मोबाइलवर होते. व्हिडिओ बघायचा आणि दिलेल्या वेळेत आपल्या जागी जाऊन कार्ड दाखवून यायचं. तुमच्या जहाजावर ही सोय असेल तर चढल्या चढल्या उरकून टाका. शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवलं तर जिन्यांवर चेंगराचेंगरी असते.

आता लिफ्ट. आईच्या गुडघ्यांमुळे तुमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. थिएटर बहुतेक जहाजांवर पुढच्या टोकाला असतं. समजा त्यात 1,200 माणसं बसली आहेत आणि शो संपल्यावर निम्मी लिफ्टकडे वळली. पुढच्या बाजूला सहा लिफ्ट. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, व्हीलचेअर आणि बाबागाड्या धरून एका लिफ्टमध्ये बाराच्या वर माणसं मावत नाहीत. एका खेपेत 72 माणसं. मजल्या-मजल्याला थांबत एक खेप साडेतीन मिनिटांची. 600 माणसं हलायला जवळजवळ अर्धा तास! शो संपताच उठून धावणारे यातच अडकतात. त्यापेक्षा आतच दहा-पंधरा मिनिटं बसून राहा, किंवा थिएटरच्या मजल्यावरूनच जहाजाच्या मधल्या लिफ्टपर्यंत सपाट चालत जा. मधल्या आणि मागच्या लिफ्ट त्या वेळी निम्म्या रिकाम्या असतात. खाली जायचं असेल आणि खाली जाणाऱ्या लिफ्ट भरून येत असतील तर वर जाणारी पकडा आणि तिच्यातच बसून खाली या. मुंबईत उलट दिशेच्या लोकलने जाऊन जागा पटकावतात तसंच. मुलाला आणि स्वतःला दोन-तीन मजल्यांसाठी जिना लावून घ्या, दोन्हीकडची सोय होते.

व्हीलचेअरबद्दल एक गैरसमज असतो. जहाजावरच्या व्हीलचेअर साधारणपणे चढण्या-उतरण्यापुरत्याच मिळतात, दिवसभर वापरायला नाही. आईंना लांब चालवत नसेल तर घडीची हलकी व्हीलचेअर सोबत न्या. चढताना मदत हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा. त्यांची रांग वेगळी असते आणि सोबतच्या एका-दोघांना त्याच रांगेतून सोडतात.

बुफेचं गणितही असंच. समजा हजार खुर्च्या आहेत आणि माणूस सरासरी चाळीस मिनिटं बसतो. तासाला दीड हजार माणसं जेवू शकतात. जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या सकाळी पावणेनऊ ते पावणेदहा या तासात दोन हजार आली, तर पाचशे जणांच्या हातात ताट आहे पण टेकायला जागा नाही. त्यात आपली एसटीची सवय: एकाने रुमाल टाकून आठजणांचं टेबल अडवायचं आणि बाकीच्यांनी अर्धा तास काउंटरवर फिरायचं. साडेसातच्या आत जा किंवा दहानंतर, नाहीतर बुफे सोडून द्या. समुद्रातल्या दिवशी मुख्य डायनिंग रूममध्ये बसून नाश्ता मिळतो, त्याच पैशात, वेटर आणून देतो. आईवडिलांना ताट हातात घेऊन हलत्या जहाजावर चालायला लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आणि बुफेत गेलात तर दारातला पहिला काउंटर सोडून शेवटपर्यंत जा. तेच पदार्थ दोन्ही बाजूंना मांडलेले असतात. रांग पहिल्याच काउंटरला लागते, कारण लोकांना तेवढंच दिसतं.

रात्रीच्या जेवणाला ठरलेल्या वेळेचं टेबल घ्या, 'कधीही या' ही सोय घेऊ नका. ऐकायला ती छान वाटते, पण साडेसात-आठला दारात नावं लिहून उभं राहावं लागतं. ठरलेल्या वेळेत टेबल तुमचं, वेटर तोच, दुसऱ्या दिवसापासून त्याला वडिलांची बिनसाखरेची कॉफी पाठ असते. लवकरची पाळी साधारण साडेपाच-सहाची, उशिराची आठ-साडेआठची. आपल्या पोटाला दुसरी सोयीची, पण मूल आणि ज्येष्ठ सोबत असताना पहिलीचा विचार करा. सिंगापूरच्या फेऱ्यांवर भारतीय जेवणाच्या काउंटरला साडेआठ-नऊला जी झुंबड उडते ती आपल्याच जेवणाच्या वेळेमुळे. सातला तिथे निवांत असतं आणि पदार्थही नुकते मांडलेले असतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगमध्ये नोंदवाच, शिवाय पहिल्या रात्री हेड वेटरला तोंडी सांगा. तो दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री लिहून घेतो.

गर्दीच्या बुफेत शिरताना हात साबणाने धुवा, दारातला सॅनिटायझर पुरत नाही. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस अशाच जागी पसरतो आणि त्याच्यावर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. सत्तरीच्या माणसाला चार रात्रींच्या सहलीत दोन दिवस केबिनमध्ये काढायला लावायचे नसतील तर याबाबत कंटाळा नको.

पूल बघून बहुतेकांची निराशा होते. जाहिरातीत निळंशार पाणी दिसतं. प्रत्यक्षात पूल सोसायटीतल्या पुलापेक्षाही लहान. याला कंजुषी म्हणता येत नाही. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, दीड मीटर खोल पूल म्हणजे नव्वद टन पाणी, तेही जहाजाच्या सगळ्यात वरच्या मजल्यांवर, आणि जहाज डोलताना इकडून तिकडे हिंदकळणारं. जहाजाचा तोल सांभाळायचा तर पूल लहानच ठेवावे लागतात. त्यात समुद्रातल्या दिवशी अकरा वाजता जी मुलं उतरतात, त्यात तुमच्या मुलाला डुंबण्यापलीकडे काही करता येणार नाही. खुर्च्यांचं पुन्हा तेच, सकाळी सातला टॉवेल टाकून माणूस नाश्त्याला जातो. रिकामी खुर्ची अर्ध्या-पाऊण तासाने कर्मचाऱ्यांनी मोकळी करावी असा नियम असतो, पण भरल्या दिवशी तो कुणी फारसा राबवत नाही. भांडण्यात अर्थ नाही. जहाजाला गोल फेरी मारायचा जो खालचा मोकळा डेक असतो, तिथे बऱ्याच जहाजांवर सावलीत खुर्च्या असतात आणि त्या रिकाम्या असतात, कारण तिथे ना पूल ना संगीत. आईवडिलांची जागा तीच.

मुलाची पोहण्याची खरी वेळ म्हणजे जहाज बंदरात असताना. ही युक्ती माहीत असूनही लोक वापरत नाहीत, कारण "पैसे भरलेत तर उतरायलाच हवं" असं वाटतं. जहाज धक्क्याला लागलं की दहाच्या सुमाराला निम्म्याहून जास्त माणसं उतरून जातात. अकरा ते दोन पूल मोकळा, घसरगुंडीला रांग नाही, बुफेत खिडकीजवळचं टेबल. एका बंदरात सगळ्यांनी उतरा, दुसऱ्यात निम्मं कुटुंब जहाजावर ठेवा.

कोणत्या बंदरात उतरायचं हेही गर्दीवरूनच ठरवा. सिंगापूरच्या चार रात्रींच्या फेऱ्यांत बहुधा पेनांग आणि फुकेत असतात. पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्यालाच लागतं. गँगवे, म्हणजे जहाजाचा उतरायचा जिना, उतरलं की शहर. फुकेतला बहुतेक मोठी जहाजं पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि माणसं छोट्या टेंडर बोटींनी नेतात. समजा 2,400 माणसांना उतरायचंय, चार बोटी, प्रत्येकीत 120 माणसं, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. पाच खेपा, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. जहाजाची सहल घेणाऱ्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी. सकाळी लवकर चिठ्ठी घ्या नाहीतर सरळ साडेअकरानंतर जा, तेव्हा चिठ्ठ्या संपून बोटी मोकळ्या धावत असतात. परतताना शेवटची बोट पकडायच्या फंदात पडू नका, कारण तिच्यासाठी उन्हात तासभराची रांग लागते. शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी निघा. शिवाय बोट लाटांवर वरखाली होत असताना तिच्यात पाय टाकायचा असतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाने तो दिवस जहाजावरच काढलेला बरा, म्हणजे पेनांग आईवडिलांसह आणि फुकेत फक्त तरुणांनी. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: तिथेही जहाज दूर उभं राहतं आणि बेटावर बोटीनेच जावं लागतं, आणि समुद्र उसळलेला असेल तर कप्तान उतरणंच रद्द करतो.

युरोपची क्रूझ पुढे कधी केलीत तर गर्दीचा प्रश्न जहाजापेक्षा बंदरात जास्त छळेल. व्हेनिसमध्ये 2021 साली 25,000 टनांवरची जहाजं शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून बंद झाली, डुब्रोवनिकने एका वेळी दोनच जहाजं असा नियम केला, सँटोरिनीत दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली, अलास्कात जूनोने 2024 पासून दिवसाला पाच मोठी जहाजं ठरवली. अशा ठिकाणी जाताना त्या तारखेला बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत ते क्रूझमॅपरसारख्या वेळापत्रकावर आधी बघून घ्यायचं. तीन जहाजं दिसली तर सकाळी सगळ्यात आधी उतरायचं आणि अकराला परत.

थिएटरबद्दल एवढंच: एका शोमध्ये सगळं जहाज मावत नाही, म्हणून प्रत्येक शो दोनदा होतो. ॲपवर बुकिंग असेल तर चढायच्या आधीच करा. नसेल तर जेवणाच्या पाळीशी जुळणारा शो धरा आणि वीस मिनिटं आधी मागच्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर बसा. शेवटच्या रात्रीच्या शोला गर्दी कमी असते, सगळे बॅगा भरत असतात.

पैसे जास्त कुठे घालायचे विचाराल तर बाल्कनीच्या केबिनवर. आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये माणूस फक्त झोपायला जातो आणि जागेपणीचे पंधरा तास गर्दीत काढतो. बाल्कनी असेल तर वडील दुपारचे तीन तास तिथेच पेपर वाचत बसतील आणि क्रूझ त्यांना आवडेल. केबिन जहाजाच्या मध्यावर घ्या, डोलणं कमी लागतं. लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून, म्हणजे चालणं कमी पण रात्रीचा गलका नाही. पूल डेकच्या बरोबर खालचा मजला नको, पहाटे सहाला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन दोन्ही तुमच्याच असतील तर उत्तम. एक परक्यांकडे असेल तर त्यांचा टीव्ही तुम्हाला पाठ होतो.

आणि हे सगळं करूनही काही माणसांना क्रूझ मानवणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ज्यांना सार्वजनिक जागीही शांतता लागते, लाउडस्पीकरवरच्या घोषणांनी डोकं दुखतं, रांग दिसली की राग येतो, त्यांनी मोठ्या जहाजावर पैसे घालू नयेत. त्यांच्यासाठी नदीवरच्या क्रूझ आहेत. युरोपातल्या नद्यांवरच्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांमधून) जायचं असल्याने जहाजाची लांबी साधारण 135 मीटर आणि रुंदी साडेअकरा मीटरच्या आतच ठेवावी लागते, म्हणून प्रवासी साधारण 190 पर्यंतच. आपल्याकडे 2023 मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या 'गंगा विलास'वर तर 18 स्वीट आणि 36 प्रवासी एवढाच कारभार आहे. भाडंही अर्थात त्याच तोलाचं. तुमच्या घरात मात्र सात वर्षांचा मुलगा आहे आणि नदीच्या जहाजावर त्याला दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल. मोठ्या जहाजावरचा किड्स क्लब बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो. पहिल्याच संध्याकाळी नाव नोंदवा.

राहिली शेवटची सकाळ. आठ-साडेआठला केबिन रिकामी करावी लागते आणि सगळं जहाज हातातल्या बॅगांसह जिन्यांवर, लॉबीत आणि बुफेत येऊन बसतं. आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या बॅगांना रंगीत किंवा क्रमांकाचे टॅग लावतात, त्याच क्रमाने उतरवतात. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडतात, पण व्हीलचेअर आणि चार बॅगा असताना त्या वाटेला जाऊ नका. उशिराचा टॅग मागून घ्या, डायनिंग रूममध्ये बसून नाश्ता करा, आईंना तिथेच बसू द्या आणि क्रमांक पुकारल्यावरच उठा. काही फेऱ्यांत पासपोर्ट चढताना ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात. त्याचा काउंटर आणि वेळ आदल्या दुपारच्या पत्रकात छापलेली असते, घरातल्या एकाने सगळ्यांचे आणले तर चालतात का ते रिसेप्शनवर विचारून ठेवा. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं काढू नका.